जमिनीला धरून उडणारा गालिचा : ‘मॅजिक कार्पेट’ मालिकेचे परीक्षण

‘मॅजिक कार्पेट’ या गेममध्ये आपला गालिचा पडद्यावर कुठेच दिसत नाही, ही गोष्ट प्रथम माझ्या बारा वर्षांच्या भाच्याच्या लक्षात आली. तो शेजारी बसून दहा मिनिटे पाहत होता. समोर हिरव्या टेकड्या होत्या, निळे पाणी होते, दूरवर धुक्यात विरत जाणारा किनारा होता आणि कोपऱ्यात एक लहानसा नकाशा होता. शेवटी न राहवून त्याने विचारले, ‘‘मामा, पण गालिचा कुठे आहे?’’ मी त्याच्या हातात माउस दिला आणि म्हटले, ‘‘जरा वळवून बघ.’’ त्याने माउस डावीकडे नेला, तसे क्षितिज एका अंगाला कलले, समोरची टेकडी पोटाखालून सरकून मागे गेली, आणि तो खुर्चीत बसल्या बसल्या स्वतःही डावीकडे झुकला. तो प्रश्न त्याने पुन्हा विचारला नाही. व्हिडिओ गेममधल्या उडत्या गालिच्यांपैकी जेवढे मी चालवले आहेत, त्यांत गालिचा हे वाहन म्हणून नीट विचारपूर्वक घडवलेले मला फक्त या मालिकेत आढळले. पहिला गेम, त्याचा जोडभाग आणि दुसरा गेम असे तिन्ही अलीकडे सलग खेळून झाल्यावर हे मत अधिकच पक्के झाले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील बुलफ्रॉग प्रॉडक्शन्स या कंपनीने हा गेम १९९४ मध्ये डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकांसाठी तयार केला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने तो प्रकाशित केला. पीटर मॉलिन्यू आणि लेस एडगर यांनी १९८७ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी १९८९ च्या ‘पॉप्युलस’मुळे नावारूपाला आली होती. त्या गेममध्ये खेळाडू देवाच्या भूमिकेतून जमीन वर उचलत असे आणि खाली दाबत असे. ‘पॉप्युलस’च्या निर्मितीत सहभागी असलेल्या ग्लेन कॉर्प्स यांनीच ‘मॅजिक कार्पेट’चा भूप्रदेश रेखाटणारे इंजिन लिहिले, आणि जमिनीला मातीच्या गोळ्यासारखे हाताळण्याची ती जुनी हौस या गेममध्ये पूर्ण बहराला आली. फरक एवढाच, की वरून पाहणाऱ्या देवाच्या जागी आता त्याच जमिनीलगत उडणारा एक शिकाऊ जादूगार आहे. १९९५ मध्ये ‘हिडन वर्ल्ड्स’ हा २५ लेव्हलचा जोडभाग आला, त्याच वर्षी ‘मॅजिक कार्पेट २ : द नेदरवर्ल्ड्स’ हा दुसरा गेम आला, आणि १९९६ मध्ये पहिला गेम प्लेस्टेशन आणि सॅटर्न या कन्सोलवरही मिळू लागला. मालिका तिथेच थांबली. समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतले होते, पण खरेदीदारांचा प्रतिसाद त्या मानाने बेताचा राहिला.

उडत्या गालिच्याची कल्पना आपल्याकडे अरबी कथांमधून घरोघरी पोचली. सीरियाच्या हन्ना दियाब या कथाकाराने १७०९ मध्ये पॅरिस येथे आंत्वान गालाँ यांना राजपुत्र अहमदची जी गोष्ट सांगितली, तिच्यात अहमदचा भाऊ हुसेन हा असा गालिचा विकत घेतो. तो ज्या बाजारात घेतो ते गाव बिसनगर म्हणजे आपल्या दक्षिणेतले विजयनगर, असे मानले जाते. म्हणजे ज्या गालिच्याला आपण अरबस्तानचा समजतो, त्याची कथेतली बाजारपेठ तुंगभद्रेच्या काठी आहे. हे समजले तेव्हा मला फार आनंद झाला होता. मात्र त्या कथेतला गालिचा प्रवास असा घडवतच नाही. त्यावर बसायचे, जायचे ठिकाण मनात आणायचे, की त्या क्षणी माणूस तिथे पोचलेला असतो. पुष्पक विमान असो किंवा चांगदेवांच्या भेटीसाठी ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत असो, त्या कथांमध्येही वळण कसे घेतले, चढावर काय केले, वेग किती होता, याचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण कथेचे त्यावाचून काही अडत नाही. गेमचे मात्र अडते. खेळाडूच्या हाती वाहन द्यायचे तर ते कसे वळते, कशाला घाबरते आणि कशाला दाद देत नाही, हे कोणाला तरी बसून ठरवावेच लागते.

बुलफ्रॉगने ते ठरवताना विमानाची नक्कल केली नाही, आणि मालिकेचे सगळे यश मला या एका निर्णयात दिसते. विमानाला धावपट्टी लागते, पुढे जाण्याचा वेग सुटला तर ते पडते, मागे जाता येत नाही आणि डोंगरावर आदळले तर सगळेच संपते. हा गालिचा हवेत जागच्या जागी थांबतो. तो मागे सरकतो, डावी-उजवीकडे तिरका सरकतो, आणि टेकडी समोर आली तर तिच्यावर आपटण्याऐवजी तिच्या अंगाला धरून वर चढतो आणि पलीकडे तसाच उतरतो. माउसने नाक वर-खाली करता येते, त्यामुळे उंचीही गाठता येते, पण काम सगळे जमिनीवर असल्यामुळे खेळणारा फिरून फिरून खालीच येतो. उतारावरून घसरत येऊन पाण्याच्या पातळीला लागताना आणि समोरच्या किनाऱ्यावर पुन्हा अलगद उचलले जाताना पोटात जो किंचित खड्डा पडतो, तो मला घाटातल्या एसटीत मागच्या बाकावर बसल्यावर पडायचा. वस्त्र जसे ज्यावर टाकावे त्याचा आकार घेते, तसाच हा गालिचा खालच्या जमिनीचा आकार घेत जातो. दिसत नसूनही तो गालिचाच वाटतो, याचे कारण हे आहे.

वळताना क्षितिज कलते, हेही सांगितले पाहिजे. त्या काळच्या बहुतेक गेममध्ये डोळ्यांसमोरचे जग फक्त डावी-उजवीकडे सरकत असे. १९९३ मध्ये आलेल्या आणि तेव्हा सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘डूम’मध्ये तर वर-खाली पाहण्याचीही सोय नव्हती. इथे वळण जेवढे तीव्र, तेवढी समोरची जमीन तिरकी होते, आणि माउस सरळ केला की ती हळूच सपाट होते. पाण्यावरून जाताना किनाऱ्याचे प्रतिबिंब त्या पाण्यात हलताना दिसते. चित्रांचे ठोकळे आज डोळ्यांत भरतात, ही गोष्ट खरीच. पण पाच-दहा मिनिटांनी लक्ष ठोकळ्यांवरून उठते आणि हालचालीवर जाऊन बसते.

चालवणाऱ्याच्या हातांची वाटणी मला विशेष आवडली. माउस दिशा देतो, कीबोर्डवरच्या बाणांच्या कळा पुढे, मागे आणि बाजूला नेतात, आणि माउसची दोन बटणे म्हणजे जादूगाराचे दोन हात असतात, ज्यांत प्रत्येकी एक मंत्र धरता येतो. बहुतेक वेळा माझ्या एका हातात आगीचा गोळा असतो आणि दुसऱ्यात ताबा मिळवण्याचा मंत्र. बाजूला सरकता येत असल्यामुळे शत्रूकडे तोंड ठेवून त्याच्याभोवती गोल फिरता येते, आणि हे एकदा जमले की लढाईची सगळी रीतच बदलते. आधी मी सरळ चालून जात असे आणि मार खात असे. गालिचा म्हणजे घोडा नव्हे, हे उमगल्यावर मी एका टेकडीला प्रदक्षिणा घालत, तिच्या आडून क्षणभर बाहेर येऊन मंत्र टाकत आणि पुन्हा आड होत लढू लागलो, तेव्हा कुठे पुढच्या लेव्हल सर होऊ लागल्या.

आता हे वाहन नेमके कशासाठी चालवायचे, ते पाहू. जादूगारांनी मॅना नावाच्या शक्तीसाठी आपसांत लढून जगाचा समतोल बिघडवून टाकला आहे, आणि एकेका जगात जाऊन तिथला मॅना गोळा करून तो समतोल परत आणणे, एवढीच कथा आहे. प्रचंड अळ्या, गिधाडे, मधमाश्या, गरुडाचे तोंड आणि सिंहाचे धड असलेले ग्रिफिन, जिन आणि समुद्रातले क्राकेन असे नाना प्राणी त्या जगांत आहेत. प्राणी मारला की त्याच्या जागी मॅनाचे सोनेरी गोळे पडतात. त्यांवर ताब्याचा मंत्र टाकला की त्यांचा रंग बदलतो आणि ते आपले होतात. पण आपले झाले म्हणजे घरात आले असे नव्हे. किल्ल्याचा मंत्र टाकून आधी एक किल्ला उभारावा लागतो, मग त्या किल्ल्यातून एक हवाई फुगा निघतो आणि आपल्या रंगाचे गोळे उचलून सावकाश किल्ल्यात आणून टाकतो. तोवर दुसऱ्या एखाद्या जादूगाराने त्याच गोळ्यांवर आपला मंत्र टाकला तर ते त्याचे होतात, आणि त्याने आपला फुगाच पाडला तर आणखी खोळंबा होतो. किल्ला जेवढा मोठा, तेवढा मॅना त्यात मावतो. किल्ला वाढवायचा तर त्यावर पुन्हा तोच मंत्र टाकायचा, पण त्यासाठी पुरेसा मॅना आधी गाठीला असावा लागतो. ठरलेल्या प्रमाणात मॅना किल्ल्यात जमा झाला की ते जग सुटले.

वाचताना हा सगळा हिशोबाचा मामला वाटेल, आणि तो तसा आहेही. पण त्यामुळेच गालिच्याला काम मिळते. सुगीच्या दिवसांत शेतकऱ्याची बैलगाडी जशी शेत, खळे आणि घर यांच्यामध्ये दिवसभर येरझाऱ्या घालते, तशाच येरझाऱ्या इथे घालाव्या लागतात. दक्षिणेच्या टेकडीवर अळी मारली, तिचे गोळे उतारावरून घरंगळत पाण्याच्या काठापर्यंत गेले, त्यांच्यामागे धावून एकेकावर मंत्र टाकला, मागे वळून पाहिले तर फुगा अजून उत्तरेला दुसरेच गोळे वेचतो आहे, आणि नकाशावर एक परका ठिपका त्याच्या रोखाने सरकतो आहे. अशा वेळी फुग्याच्या राखणीला जायचे की नवे गोळे पदरात पाडून घ्यायचे, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. या गेममध्ये मी सर्वाधिक वेळा जोरात उच्चारलेले वाक्य ‘‘अरे, माझा फुगा!’’ हे आहे, हे घरचे सगळे सांगतील. जग कडेला संपत नाही, सरळ उडत राहिले तर माणूस फिरून निघाला तिथेच पोचतो, ही सोय अशा वेळी फार उपयोगी पडते. किल्ला पाठीमागे दूर असला तरी कधीकधी पुढे जाऊनच तो लवकर गाठता येतो. हे नकाशावर बोट ठेवून नाही, तर उडून उडूनच अंगवळणी पडते.

किल्ला हा नुसता कोठारही नाही. जीव घायकुतीला आला की त्याच्यावर येऊन थांबायचे, म्हणजे तब्येत आणि मंत्रशक्ती झपाट्याने भरून येते. मेल्यावरही किल्ला शाबूत असेल तर तिथूनच पुन्हा सुरुवात करता येते, आणि किल्लाच नसेल तर ती लेव्हल हातची जाते. शत्रूलाही हाच नियम लागू असल्यामुळे एखाद्या जादूगाराचा कायमचा बंदोबस्त करायचा तर आधी त्याचा किल्ला जमीनदोस्त करावा लागतो. वोडोर हा प्रतिस्पर्धी मला सुरुवातीला फार त्रास देत असे, तो याचमुळे. मी त्याच्या मागे लागत होतो आणि तो फिरून फिरून किल्ल्यातून ताजातवाना होऊन येत होता.

जमीन बदलणारे मंत्र हे या मालिकेचे दुसरे मोठे वैभव आहे. ज्वालामुखीचा मंत्र टाकला की सपाट जमीन फुगून वर येते, डोंगर तयार होतो आणि त्याच्या तोंडातून आगीचे गोळे उडतात. भूकंपाने जमीन चिरत जाते, आणि दुसऱ्या एका मंत्राने तिला खोल विवर पडते. हे सगळे डोळ्यांदेखत घडते आणि घडले ते तसेच राहते. एकदा मी शत्रूच्या किल्ल्याऐवजी चुकून माझ्याच फुग्याच्या वाटेवर ज्वालामुखी उठवला. त्यानंतर ती सबंध लेव्हल संपेपर्यंत त्या काळ्या डोंगरावरून मी कितीतरी वेळा चढलो आणि उतरलो असेन. माझ्याच हातून झालेला तो डोंगर गालिच्याखाली दर वेळी जाणवत होता. जमिनीला धरून उडण्याची कल्पना आणि जमीन बदलण्याची कल्पना या दोन्ही एकत्र आल्या, म्हणून हे शक्य झाले. आकाशात उंच उडणारे विमान दिले असते तर खाली डोंगर उठला काय आणि खड्डा पडला काय, चालवणाऱ्याला त्याचे काही सोयरसुतक राहिले नसते.

१९९४ च्या संगणकांना हे सगळे पेलणे जड होते. ३२० गुणिले २०० ठिपक्यांचे साधे चित्र तेव्हाच्या ‘४८६’ प्रोसेसरवर कसेबसे चाले, आणि ६४० गुणिले ४८० चे अधिक रेखीव चित्र हवे तर त्याहून वेगवान पेंटियम प्रोसेसरच लागे, जो तेव्हा सर्वसामान्यांच्या आवाक्याबाहेर होता. विक्री बेताची राहण्यामागे हे एक कारण असावे, असे मला वाटते. लाल-निळ्या काचांचा चष्मा घालून खोली अनुभवण्याची सोयही त्यात होती, आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे, ज्यात टक लावून पाहिल्यावर दडलेली आकृती वर येते, तशा ठिपक्यांच्या चित्रातून सबंध गेम हलताना पाहण्याचीही सोय होती. मी तीही वापरून पाहिली. टेकडी खरोखर उठून दिसते, पण त्या अवस्थेत लढणे माझ्या डोळ्यांना झेपले नाही. दूरचे दृश्य धुक्यात गुंडाळलेले असते ते संगणकाचा भार कमी करण्यासाठी, हे उघड आहे. तरीही त्या धुक्याचा मला जाच होत नाही. धुक्यातून आधी आवाज येतो, मग नकाशावर ठिपका दिसतो, आणि मगच प्राणी समोर येतो. रसेल शॉ यांचे संगीत मागे राहून या आवाजांना जागा देते, तेही योग्यच आहे.

दोष नाहीत असे मुळीच नाही, आणि ते लहानही नाहीत. पहिल्या गेममध्ये ५० लेव्हल आहेत, आणि त्या प्रत्येकीत करायचे तेच आहे. मारा, ताबा मिळवा, किल्ला वाढवा. नवे मंत्र जमिनीवर ठेवलेल्या कुंभांतून मिळत जातात तोवर उत्सुकता टिकते, पण साधारण मध्यावर येईपर्यंत बहुतेक मंत्र गाठीला लागलेले असतात आणि पुढे कस लागतो तो चिकाटीचा. मधमाश्यांचा थवा मागे लागला की गालिचा कितीही चपळ असला तरी एकेका माशीवर नेम धरणे हे कंटाळवाणे काम होऊन बसते. काय करायचे आहे हे गेम धड सांगत नाही, त्यामुळे आज प्रथमच खेळणारा माणूस पहिला तासभर चाचपडतो. माझा भाचा तसा चाचपडत होता, आणि किल्ल्यावर तोच मंत्र पुन्हा टाकला की किल्ला वाढतो, हे मी सांगेपर्यंत त्याला समजण्याचा काही मार्ग नव्हता. शिवाय क्षितिज सतत कलत असल्यामुळे काहींना मळमळते. माझ्या बहिणीने पाच मिनिटांत तोंड फिरवले. घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी आधी थोडाच वेळ खेळून पाहावे, एवढे मी आवर्जून सांगेन.

‘हिडन वर्ल्ड्स’बद्दल फार सांगण्यासारखे नाही. बर्फाच्छादित प्रदेश डोळ्यांना सुखावतात, अवघडपणा वाढलेला आहे, आणि पहिला गेम पूर्ण करूनही ज्यांचे मन भरले नाही त्यांच्यासाठी तो आहे.

‘मॅजिक कार्पेट २’ची गोष्ट वेगळी आहे, आणि त्याबद्दल माझे मन आजही पूर्णपणे एका बाजूला झुकत नाही. पहिल्या गेमच्या एकसुरीपणाची तक्रार निर्मात्यांनी मनावर घेतलेली इथे जागोजागी दिसते. लेव्हल २५ वर आणल्या आहेत, प्रत्येकीला स्वतःची कामगिरी आहे, कथेला विसुलूथ नावाचा राक्षसी खलनायक आहे, आणि मंत्र वापरत गेले की ते पायरीपायरीने बळकट होतात. दिवसाच्या जोडीला रात्रीच्या आणि भूगर्भातल्या लेव्हल आल्या आहेत. रात्रीच्या लेव्हल मला फार आवडतात. अंधारात आपणच टाकलेल्या आगीच्या गोळ्याचा उजेड खालच्या जमिनीवरून धावत जातो आणि त्या उजेडात क्षणभर आपण कोणत्या उतारावर आहोत ते दिसते. पण गुहांमध्ये गालिच्याचा जीव घुसमटतो. डोक्यावर छत आले, दोन्ही बाजूंना भिंती आल्या, की टेकडीच्या अंगाने चढण्या-उतरण्याचे सुख संपते आणि उरतो तो भुयारातून वाट काढण्याचा खेळ, जो त्या काळात इतर कितीतरी गेममध्ये याहून सरस मिळत होता. ज्या वाहनाचा सगळा तोरा मोकळ्या जमिनीवर आहे, त्याला बोगद्यात नेण्याचे प्रयोजन मला पटलेले नाही. गेम म्हणून दुसरा भाग अधिक घोटीव आहे, हे मान्य करूनही, गालिचा चालवण्यासाठी मी पहिल्याकडेच परत जातो.

इतर मालिकांमधल्या गालिच्यांशी तुलना केली तर माझे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. १९८८ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये पिजिट नावाच्या पक्ष्याला उचलून त्याचा गालिचा बळकावता येतो. तो मनाजोगा वळतोही, पण काही क्षणांनी लुकलुकून नाहीसा होतो. दरी ओलांडली की त्याचे काम संपले. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’मधल्या शेवटच्या जगात गालिचे इंद्रधनुष्याची रेघ धरून चालतात आणि मारिओ त्यांवर नुसता उभा असतो, म्हणजे ती सरकती फळीच झाली, फक्त दिसायला सुंदर. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये शिंपीकाम शिकलेल्या पात्राला स्वतःचा उडता गालिचा शिवता येतो आणि त्यावर फक्त शिंप्यालाच बसता येते, ही कल्पना मला मनापासून आवडते, कारण वस्त्राचे वाहन वस्त्र विणणाऱ्या-शिवणाऱ्याच्या हाती राहते. मात्र एकदा वर बसले की त्याचा वेग त्या दर्जाच्या इतर उडत्या वाहनांइतकाच असतो, आणि डोळे मिटले तर आपण गालिच्यावर आहोत की ग्रिफिनवर, हे हाताला कळत नाही. या तिन्ही ठिकाणी गालिचा उत्तम दिसतो. ‘मॅजिक कार्पेट’मध्ये तो दिसत नाही आणि तरी हाताला कळतो.

आज हे गेम जीओजी या संकेतस्थळावर मिळतात. ‘मॅजिक कार्पेट प्लस’ या नावाखाली पहिला गेम आणि ‘हिडन वर्ल्ड्स’ एकत्र आहेत, आणि दुसरा गेम स्वतंत्र आहे. दोन्ही डॉसबॉक्स या, जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामच्या आधारे आजच्या संगणकावर चालतात. पहिला गेम आजच्या वेगवान संगणकावर गरजेपेक्षा जोरात पळत असल्याचे वाटले तर कंट्रोल आणि एफ११ या कळा एकत्र दाबून डॉसबॉक्सची गती कमी करावी, आणि फारच रेंगाळू लागला तर कंट्रोल आणि एफ१२ दाबून ती वाढवावी. योग्य गती सापडेपर्यंत मी पहिली लेव्हल तीन वेळा खेळलो, आणि तो वेळ वाया गेला असे मला वाटत नाही, कारण गती जुळली नाही तर गालिच्याचे वळणच बिघडते आणि मग या गेममध्ये पाहण्यासारखे फारसे उरत नाही. खेळताना आर ही कळ दाबली की रेखीव चित्र सुरू होते. ते मोबाइलच्या छोट्या पडद्यांना सरावलेल्या डोळ्यांसाठी आवश्यकच आहे. लॅपटॉपच्या टचपॅडवर हा गेम खेळण्याचा प्रयत्न करू नये; साधा तारेचा माउस पुरतो, पण माउस हवाच. मूळ गेममध्ये आठ जणांनी नेटवर्कवर एकत्र खेळण्याची सोय होती, ती मला वापरता आलेली नाही, कारण आठ तर सोडाच, दुसरा एक माणूसही मी अजून तयार करू शकलेलो नाही. सध्या भाच्यावर मेहनत चालू आहे.

कोणता आधी घ्यावा असे विचाराल तर ‘प्लस’ आधी घ्यावा, सलग दोन-तीन लेव्हलपेक्षा अधिक एका बैठकीत खेळू नयेत, आणि पंधराव्या-विसाव्या लेव्हलला कंटाळा आला तर अपराधी न वाटून घेता दुसऱ्या गेमच्या रात्रीच्या लेव्हलकडे वळावे. सुरुवातीला मात्र एक गोष्ट जरूर करावी. पहिल्या लेव्हलमध्ये प्राण्यांच्या आणि मॅनाच्या मागे लागण्याआधी पाण्यावर जावे, नाक थोडे खाली ठेवावे, आणि किनाऱ्याच्या कडेकडेने त्या जगाला एक पूर्ण फेरी मारावी. भाच्याने परवा तशी फेरी मारली. दुसऱ्या फेरीला त्याने मला न विचारताच बाजूला सरकण्याची कळ शोधून काढली, आणि एका टेकडीकडे तोंड ठेवून तो तिच्याभोवती गोल गोल फिरत राहिला.